तळं आटलं त्या वर्षी घेतलेलं घर

मरियमबाई हिवाळे त्या घरी पहिल्यांदा गेल्या त्या घर बघायला नव्हे, इंजेक्शन द्यायला.

एकाहत्तर सालची दिवाळी होऊन गेली होती. नगरच्या एका मिशन दवाखान्यात त्या सिस्टर होत्या. केसांत पांढरं उतरलं होतं, निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलं होतं. काकासाहेब नावाचे एक पेन्शनर गृहस्थ सावेडीच्याही पुढं, बाभळींच्या रानापलीकडं राहायचे. त्यांच्या पत्नी मालनबाई न्यूमोनियातून उठल्या होत्या आणि काही दिवस त्यांना रोज सकाळी सुई द्यायची होती. सावेडी म्हणजे तेव्हा शेतं, चार-दोन नवे बंगले आणि मधून जाणारी धुळीची वाट. तिकडं जायला टांगेवाले कुरकुर करायचे.

बाभळी संपल्या की एकदम तळं लागायचं. कुणी म्हणे निजामशाहीतलं, कुणी म्हणे गोऱ्या साहेबानं बांधलेलं. नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं. काकासाहेबांचं कौलारू घर त्याच्या अगदी काठाला होतं. मागच्या दारातून तीन-चार दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या.

मरियमबाईंनी सुई उकळून घेतली, औषध भरलं आणि मालनबाईंच्या खाटेशी आल्या. तेवढ्यात ऊन तळ्यावर आलं आणि खिडकीतून आत शिरलं. ते जमिनीवर पडलं नाही. ते छताला लागलं आणि तिथं हलायला लागलं. पांढऱ्या तक्तपोशीवर उजेडाच्या लाटा एकीतून एक निघत होत्या, विरत होत्या, पुन्हा निघत होत्या. मरियमबाई हातात सुई घेऊन वर बघत उभ्या राहिल्या.

"बाई," मालनबाई खाटेवरून म्हणाल्या, "माझा दंड इकडं आहे."

त्या हसल्या, सुई दिली, हात धुतले. पण टांग्यात बसल्यावर त्यांना रस्ता दिसेना. त्यांना पुणतांबा दिसत होतं.

पुणतांब्याला त्यांचे वडील, गिदोन मास्तर, मिशनच्या शाळेत शिकवायचे. शाळेलगतच दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं आणि खाली गोदावरी. थंडीच्या दिवसांत सकाळी मरियम अंथरुणातच असायची, तेव्हा छतावर असाच उजेड हलायचा. आई चुलीपाशी बसून म्हणायची, "बघ, नदी उठली. तूही ऊठ." पुढं मास्तर गेले, ते बिऱ्हाड सुटलं, मरियम नर्सिंग शिकायला नगरला आली. तेव्हापासून सगळा जन्म क्वार्टरमध्ये. चुन्यानं रंगवलेली एक खोली, आणि खिडकीबाहेर दवाखान्याच्या चादरी वाळत घालायच्या तारा. लग्न झालं नाही. का नाही, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी फार विचारलंही नाही. पण पाणी आपल्याला इतकं हवं होतं हे त्यांचं त्यांनाच त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं.

इंजेक्शनं संपली तरी काही ना काही निमित्तानं त्या जात राहिल्या. एकदा काकासाहेब सहज बोलून गेले, "आम्ही आता नाशिकला मुलाकडं जाणार. हिला इथली हवा मानवत नाही. कुणी चांगलं गिऱ्हाईक असेल तर सांगा, सिस्टर. घर विकायचं आहे."

त्या दिवसापासून मरियमबाई दोन ठिकाणी राहू लागल्या. अंगानं वॉर्डात, मनानं तळ्यावर. पेशंटचा ताप बघताना, औषधाचा कप भरताना त्यांना मधूनच त्या मागच्या पायऱ्यांवर कुणीतरी बसलेलं दिसायचं. आधी त्या स्वतःच बसलेल्या असायच्या. मग हळूहळू शेजारी आणखी एक बाई दिसायला लागली. अंगानं रुंद, डोक्यावर पदर, हातात निवडायला घेतलेली मेथी. ती राहीबाई होती.

राहीबाई त्याच दवाखान्यात आया होत्या. मूळच्या मिरजगावच्या. तरुणपणी नवरा गेला, दिरांनी घरात थारा दिला नाही, म्हणून नगरला आल्या आणि मरियमबाईंच्या शेजारच्या खोलीत राहिल्या. किती वर्षं झाली त्याचा हिशेब दोघींनीही ठेवला नव्हता. मधल्या भिंतीवर वाटी आपटली की 'चहा झाला' असा अर्थ होता, एवढं मात्र दोघींना पक्कं माहीत होतं.

जानेवारीत एका सुट्टीला मरियमबाई राहीबाईंना घर दाखवायला घेऊन गेल्या. मालनबाईंनी दोघींना पोहे दिले. मरियमबाई छताकडं बघत होत्या. राहीबाईंनी छत बघितलंच नाही. त्या भिंतीपाशी गेल्या, नखानं गिलावा खरवडला, नाक लावून वास घेतला.

"वल हाय," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात इथं कापडं वाळायची न्हाईत."

"उन्हाळ्यात गार राहील ना पण. पंखासुद्धा लागायचा नाही."

"डासं?"

"मच्छरदाणी लावू."

"साप?"

"काकासाहेब म्हणतात, धामणी आहेत. विषारी नाहीत."

"सापास्नी काकासायबांनी इचारलंय व्हय?"

मालनबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मरियमबाईंना राग आला, तरी त्याही हसल्या.

परत येताना टांग्यात वाद चालूच राहिला. मरियमबाई म्हणत होत्या, भाजी मळ्यातून ताजी मिळेल, शेजाऱ्यांची भांडणं ऐकावी लागणार नाहीत, पहाटे पाखरं येतात ती बघ. राहीबाई म्हणत होत्या, बाजार लांब, तुमचं चर्च लांब, माझी देवी लांब, दिवस कलला की टांगा यायचा नाही.

"शेजाऱ्याचं भांडान ऐकू येत न्हाई म्हंजे आपली हाक बी त्याला ऐकू जायची न्हाई. उद्या ताप भरला तर तळं येनार हाय का उशाला?"

"येईल," मरियमबाई म्हणाल्या. "खिडकीतून."

राहीबाईंनी कपाळाला हात लावला. "शिष्टर, आमच्याकडं पानी बघायचं नस्तं. भरायचं अस्तं. मी ल्हान हुते तवा दोन घागरी घिऊन आमी कुठल्या कुठं जायचो. पान्याकडं बघत बसनारं मानूस मी अजून बघितलं न्हाई."

मरियमबाईंचा धाकटा भाऊ एलिया पुणतांब्याहून आला, त्यालाही त्यांनी घर दाखवलं. त्यानं पायऱ्यांवर उभं राहून एक खडा पाण्यात टाकला आणि म्हणाला, "ताई, जागा सुंदर आहे. पण म्हातारपणी माणूस माणसांजवळ जातो, पाण्याजवळ नाही. आमच्याकडं चल की."

"तुझ्या घरातून नदी दिसते का रे?"

"आता कुठली दिसतेय? मध्ये सगळा ऊस."



खरी अडचण ना डासांची होती ना ओलीची. ती एका संध्याकाळी, क्वार्टरच्या ओट्यावर गॉजच्या घड्या घालताना, समोर आली. मरियमबाईंनी खूप दिवस ओठांवर आलेलं विचारून टाकलं. "राही, मी ते घर घेतलं तर तू येशील ना माझ्याबरोबर?"

राहीबाईंचे हात थांबले नाहीत. घडीवर घडी पडत राहिली. मग त्या म्हणाल्या, "घर तुमचं. मी तिथं कोन?"

"म्हणजे?"

"हितं मी आया हाय. सरकारी न्हाई तर न्हाई, पन माझी खोली हाय, माझं कुलूप हाय. तिथं तुमच्या घरात मी कोन म्हनून ऱ्हाऊ? तुमची आया?"

 'तू माझी' असं काहीतरी सुरू होऊन पुढचा शब्दच मिळेना. राहीबाई घड्यांचं गाठोडं उचलून आत गेल्या. त्या आठवड्यात मधल्या भिंतीवर वाटी वाजली नाही.

पुढं वाटी वाजायला लागली, पण घराचा विषय कुणी काढला नाही. मरियमबाईंनी काकासाहेबांना सांगितलं, "माझं अजून ठरत नाही." आणि मग पाऊसच आला नाही.

बहात्तरचं ते साल ज्यांनी बघितलं त्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी एवढंच, की आषाढात आभाळ भरून यायचं, सगळे अंगणात उभे राहायचे, आणि ढग वरच्या वर निघून जायचे. तळं आधी पायऱ्यांपासून सुटलं. मग पायऱ्यांखालचा हिरवा चिखल उघडा पडला, त्याला भेगा गेल्या. मधे बरेच दिवस एक डबकं राहिलं आणि त्याच्याभोवती बगळे. एक दिवस बगळेही गेले. ज्यांनी ज्यांनी घराची चौकशी केली होती ते हसायला लागले. तळ्याकाठचं घर म्हणून घ्यायचं, तर तळं कुठंय?

काकासाहेब आणि मालनबाई नाशिकला गेले. जाताना त्यांनी किल्ली मरियमबाईंकडं दिली. "गिऱ्हाईक काही आता मिळत नाही, सिस्टर. अधूनमधून दारं उघडत जा. बंद घर लवकर म्हातारं होतं."

मरियमबाईंनी किल्ली खिळ्याला अडकवली आणि तिकडं फिरकल्या नाहीत. स्वप्नात मात्र रोज जायच्या. स्वप्नात तळं भरलेलं असायचं, पण त्याला आवाज नसायचा. त्या पायऱ्या उतरत जायच्या आणि पायऱ्या संपायच्याच नाहीत, पाणी तेवढंच खाली सरकायचं. जाग आली की घसा कोरडा असायचा.

राहीबाई त्या हिवाळ्यात निवृत्त झाल्या. मिरजगावला भाच्याकडं जायचं त्यांनी ठरवलं होतं, पण भाचा बायकोपोरांना घेऊन कुठं तरी दुष्काळी कामावर निघून गेला होता. घराला काटेरी झाप लावलेली होती. राहीबाई परत आल्या, त्यांची खोली तोवर दुसऱ्या बाईला मिळाली होती, म्हणून त्या मरियमबाईंच्या खोलीत राहिल्या. दोन-चार दिवस नुसत्या बसल्या. मग खिळ्यावरची किल्ली काढून म्हणाल्या, "मी जाऊन दारं उघडून येते. हवा तरी लागू दे."

त्या सकाळी गेल्या आणि संध्याकाळी आल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. आठवडाभर तसंच.

"एवढी कसली हवा लावतेस गं?" मरियमबाईंनी विचारलं.

"घर मोठं हाय," राहीबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या. पिठात रेशनवरची अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, होती, भाकरी थापली की तुटायची. त्यावर त्या दोन शब्द जास्तच बोलल्या आणि घराचा विषय राहून गेला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मरियमबाई चर्च सुटल्यावर परस्पर तळ्याकडं निघाल्या. टांगेवाल्यानं त्यांना बांधावर सोडलं. घराकडं जायची वाट काठानं वळसा घालून होती. त्या वळशानं गेल्या नाहीत. तळ्याच्या पोटातून सरळ वाट पडलेली दिसली, तिनं त्या खाली उतरल्या.

तळ्यात माणसंच माणसं होती. गाळ काढायचं दुष्काळी काम निघालं होतं. बाप्ये कुदळी मारत होते, बाया डोक्यावर पाट्या घेऊन रांगेनं बांधाकडं जात होत्या. पण तळं एवढं मोठं होतं, की ती सगळी एका कडेला मुंग्यांसारखी दिसत होती आणि मधला भाग मोकळा होता. धुळीचा पांढुरका पडदा सगळीकडं तरंगत होता. त्यातून आवाज यायचे तेही लांबून, पाण्याखालून आल्यासारखे. मरियमबाई चालत मध्यावर आल्या. शिंपल्यांचे तुकडे पायाखाली करकरत होते. इथं दोन पुरुष पाणी असायचं. ज्या जागेकडं आपण वर्षभर खिडकीतून बघितलं, जिथं फक्त उजेडच जाऊ शकत होता, तिथं आपण चपला घालून उभ्या आहोत. त्यांना रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. एका ढेकळावर त्या टेकल्या आणि सहज मागं वळून बघितलं.

घर त्यांनी इथून कधीच बघितलं नव्हतं. आजवर त्या घरातून तळं बघत आल्या होत्या. उंचावर, धुळीच्या वर, लाल कौलांचं ते घर एकटंच उभं होतं. मागचं दार उघडं होतं, दोन्ही खिडक्या उघड्या होत्या. ओट्याच्या वाशांना रंगीत काहीतरी टांगलेलं होतं आणि ते वाऱ्यानं हलत होतं. आधी त्यांना वाटलं, लुगडी वाळत घातली आहेत. मग कळलं, त्या झोळ्या होत्या. दारात एक रुंद बाई आली, कपाळावर हात धरून तिनं इकडंतिकडं बघितलं आणि तळ्याच्या मधोमध बसलेलं पांढरं पातळ तिला दिसलं असावं. तिनं पदर काढून हवेत फिरवला.

"शिष्टर! उनात काय बसलाय? च्या टाकलाय! घरी या!"

पुढं मी त्यांची शेजारीण झाले, तेव्हा मरियमबाई मला सांगायच्या, "आयुष्यात मला खूप हाका आल्या बघ. 'सिस्टर, इकडं या,' 'सिस्टर, लवकर या.' घरी या असं मात्र पुणतांबा सुटल्यापासून कुणी म्हणालं नव्हतं."

त्या उठल्या आणि चालायला लागल्या.

ओट्यावर सात-आठ झोळ्यांत पोरं झोपलेली होती. दोन रांगती पोरं आत फरशीवर दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी चिवडत होती. मागच्या अंगणात पाण्याचा रांजण होता. तळ्यात एका कोपऱ्यात राहीबाईंनीच जागा दाखवून झिरा खणून घेतला होता, तिथलं ते पाणी. कामावरच्या बाया दुपारी इथं येऊन पोरांना पाजायच्या, घटकाभर सावलीत आडव्या व्हायच्या. त्यातल्या काही कर्जतच्या, मिरजगावच्या बाजूच्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांची बोली कानावर पडली आणि राहीबाईंनी ओट्यावरून विचारलं होतं, "कुठल्या गं तुमी?" एवढ्यावरून सगळं सुरू झालं होतं.

"काकासाहेबांना विचारलंस?" मरियमबाईंनी चहा घेत विचारलं.

"न्हाई. तुमास्नी बी न्हाई इचारलं." राहीबाई खाली बघत होत्या. "वराडनार असाल तर वराडा, पन हळू. पोरं निजल्यात."

मरियमबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी एका झोळीत डोकावून बघितलं, पोराचे डोळे चिकटलेले होते. कापूस मागितला, कोमट पाणी मागितलं आणि बटव्यातून बोरिकची पुडी काढली. मग दुसरी झोळी. दुपार होईपर्यंत त्या तेच करत होत्या.

दुपारी सगळं निजलं तेव्हा राहीबाई म्हणाल्या, "शिष्टर, घ्या हे घर."

"आता? आता तळं नाही, राही. काय घेऊ? ओल तेवढी राहिलीय."

"वल बी गेली. मी बघितलं."

दोघी हसल्या. मग मरियमबाईंनी हळूच विचारलं, "आणि तू? तू इथं कोण म्हणून राहशील?"

राहीबाईंनी बराच वेळ झोळीची दोरी हलवली. "या बाया मला घरधनीन म्हनत्यात. वो घरधनीन, पानी द्या. वो घरधनीन, पोरगं बघा. मी न्हाई म्हनले न्हाई."

"मग तशीच राहा. दोघींच्या नावानं घेऊ."

"नुसतं नाव नगं. माझा बी फंड हाय. त्यो घालायचा."

"घालू."

एवढंच बोलणं झालं. एलियाला कळल्यावर तो धावत आला. "ताई, तळं भरलेलं होतं तेव्हा घेतलं नाहीस, आणि आता खड्ड्याच्या काठाला घर घेतेस? पाणी परत आलंच नाही तर?" मरियमबाईंनी हा विचार केला नव्हता असं नाही. रात्र रात्र केला होता. पाणी न येण्याचीही तयारी ठेवून त्यांनी तो पुरा केला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "नाही आलं तर लांबवर दिसेल तरी."

खरेदीच्या दिवशी कचेरीतल्या कारकुनानं चष्म्यावरून दोघींकडं बघितलं. एक हिवाळे, एक शिंदे. एक ख्रिस्ती, एक मराठा. "तुमचं आपसांत नातं काय?" त्यानं विचारलं.

मरियमबाईंनी राहीबाईंकडं बघितलं. राहीबाई पुढं झाल्या. "लिवा की, एका घरात ऱ्हानाऱ्या."

"असं नातं नसतं, आजी."

"मग ऱ्हाऊ द्या मोकळं. आमाला ठावं हाय."

त्यानं ते मोकळंच सोडलं.

मी त्यांच्या शेजारी राहायला गेले ते चौऱ्याहत्तर साली, जवळच्या शाळेत नोकरी लागली म्हणून. तोवर तळं भरलं होतं. सगळं नाही, पायऱ्यांपासून अजून दहा-बारा हात लांब होतं. राहीबाईंनी जी जी भीती घातली होती ती सगळी खरी ठरलेली मी डोळ्यांनी बघितली. डास असे, की संध्याकाळी कडुलिंबाचा धूर केल्याशिवाय बसवत नसे. पावसाळ्यात पातळं चार-चार दिवस वाळत नसत. मरियमबाईंचे गुडघे धरले. एकदा धामण चुलीमागं येऊन बसली, तेव्हा राहीबाई पाटावर उभ्या राहून काकासाहेबांच्या नावानं ओरडत होत्या. आणि एका पावसाळ्यात मरियमबाईंना खरोखरच ताप भरला, टांगा मिळाला नाही. राहीबाईंनी दोन दिवस त्यांच्या कपाळावर घड्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर मग भांडण झालं, की ही जागा कुणी पसंत केली होती.

झोळ्या टांगायच्या वाशांच्या कड्या तशाच होत्या. कामं बंद पडून बाया आपापल्या गावी गेल्या, तरी मळ्यांत खुरपायला येणाऱ्या बायका पोरं आणून सोडायच्या. पुढं त्या भागात बंगले वाढले, तिथल्या मोलकरणीही यायला लागल्या. मरियमबाई पोरांची नखं कापायच्या, डोळे धुवायच्या आणि त्यांना प्रभूची गाणी शिकवायच्या. तीच पोरं राहीबाईंच्या मांडीवर बसून देवीच्या आरत्या म्हणायची. कुणाची काही तक्रार नव्हती.

एका दुपारी मी वाटीभर खीर घेऊन गेले होते. मार्गशीर्षातले दिवस होते, ऊन सौम्य होतं. दार नुसतंच लोटलेलं होतं. ओट्यावर झोळ्या हळूहळू झुलत होत्या, दोरी मात्र कुणाच्याच हातात नव्हती. राहीबाई खांबाला टेकून बसल्या बसल्या झोपल्या होत्या, सुपातले तांदूळ अर्धे निवडलेले. मरियमबाई आरामखुर्चीत होत्या, चष्मा नाकावर, मांडीवर एक पोरगं पालथं. तेही झोपलेलं. पलीकडं तळ्यावर धुकं होतं की ऊन होतं ते कळत नव्हतं. मी खीर फडताळात झाकून ठेवली आणि पाऊल न वाजवता बाहेर आले.